व्याज देतो कोण?

दिवाळीत जळगावजवळच्या असोद्याला गेलो की घराच्या ओट्यावर पैशांचा विषय निघतोच. कापूस किती निघाला, केळीला काय भाव मिळाला, सोसायटीचे कर्ज फिटले का, भिशी कोणाला लागली. गेल्या दिवाळीत त्यात एक नवा विषय आला. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याने मोबाइल पुढे केला. “काका, हे कॉइन व्याजानं ठेवले तं चालतीन का? बारा टक्के देतात.” मी चष्मा शोधत होतो, तोवर शेजारी बसलेले आबा बोलले. कॉइन म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते, पण व्याज चांगले ठाऊक होते. “बारा टक्के देतो कोन? आन् ज्याले दिले त्याचं वावर किती?”

क्रिप्टो चलन उधार देऊन व्याज कमावण्याच्या धंद्यावर गेल्या आठ-दहा वर्षांत जगभर अहवाल निघाले, खटले चालले, माणसे तुरुंगात गेली. ते सगळे चाळल्यावर वाटते की आबांच्या प्रश्नापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारलेला नाही. म्हणून हा आढावा त्याच प्रश्नाला धरून घेतो.

धंदा चालतो कसा

कपाशीला बोंड येते, केळीला घड लागतो. बिटकॉइनला काहीही लागत नाही. तो जास्तीत जास्त २ कोटी १० लाख निघणार एवढेच ठरलेले आहे. आपल्याकडचा एक बिटकॉइन दहा वर्षांनीही एकच राहतो. म्हणजे त्यावर व्याज मिळत असेल तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून येते. (इथेरियमसारख्या नाण्यांत जाळे चालवण्याच्या कामी नाणी अडकवून थोडा मोबदला मिळतो, त्याला स्टेकिंग म्हणतात. ती उधारी नव्हे. पण ॲपवाले दोन्ही ‘अर्न’ या एकाच पाटीखाली ठेवतात आणि पहिला घोळ तिथेच होतो.)

नाणी उधार घेणारी खरी गिऱ्हाइके तीन प्रकारची. पहिला, ज्याच्याकडे बिटकॉइन आहेत, ते विकायचे नाहीत, पण रोख हवी आहे. जळगावच्या सराफाकडे पाटल्या तारण ठेवून पेरणीला पैसे उचलणाऱ्यासारखाच हा. दुसरा, भाव पडणार असे मानणारा. तो नाणी उसनी घेतो, आज विकतो, पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करतो. तिसरा, दोन बाजारांतल्या भावफरकावर जगणारा मोठा व्यापारी. हे तिघे खरोखर व्याज देतात. तेजीत त्यांना पैशांची घाई असते, म्हणून दर चढतो. मंदी आली की गिऱ्हाईक पांगते आणि दर पडायला हवा.

जिथे तो पडत नाही, तिथे चौथा प्रकार असण्याची शक्यता दाट: उधार घेणारा कोणीच नाही, आणि कालच्या ठेवीदाराचे व्याज आजच्या ठेवीदाराच्या मुद्दलातून जाते.

सुरतेची ‘लेंडिंग’

या चौथ्या प्रकाराचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर घडले. खानदेशातल्या कितीतरी घरांचा एक पाय सुरतेत असतो. लिंबायत-उधना भागात आपली बोली रस्त्यावर ऐकू येते. त्याच सुरतेचा सतीश कुंभाणी याने ‘बिटकनेक्ट’ उभी केली, असा अमेरिकी सरकारचा आरोप आहे. तिच्या मुख्य योजनेचे नावच ‘लेंडिंग प्रोग्राम’ होते. तुम्ही बिटकॉइन द्यायचे, बदल्यात कंपनीचे स्वतःचे नाणे घ्यायचे आणि ते कंपनीलाच उधार द्यायचे. कंपनीचा ‘ट्रेडिंग बॉट’ बाजारात उलाढाल करून नफा काढतो, असे सांगितले जाई. परतावा दिवसाला साधारण १ टक्का दाखवत.

दिवसाला १ टक्का चक्रवाढीने वाढवला तर रक्कम सत्तर दिवसांत दुप्पट होते. इथे आपल्याकडचा एक जुना शब्द आठवतो. दामदुपट. हिंदू कायद्यातला हा नियम मुंबई इलाख्यात न्यायालये पाळत असत: थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. सावकाराच्या लोभाला घातलेली ती वेसण होती. शंभर वर्षांत तोच शब्द उलटा फिरला. आता ‘दामदुप्पट’ ही फलकावरची जाहिरात आहे आणि लोभ कुळाचा नाही, सावकाराचाही नाही, तर ठेवीदाराचा आहे.

जानेवारी २०१८ मध्ये टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या नियामकांनी बिटकनेक्टला नोटिसा बजावल्या. त्याच महिन्याच्या मध्यावर कंपनीने उधारीची योजना बंद केली आणि तिचे नाणे काही तासांत कवडीमोल झाले. अमेरिकी सरकारच्या म्हणण्याप्रमाणे हा घोटाळा २४० कोटी डॉलरचा. तिथला मुख्य प्रचारक ग्लेन आर्कारो याने गुन्हा कबूल केला, त्याला २०२२ मध्ये ३८ महिन्यांची शिक्षा झाली. कुंभाणीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या सक्तवसुली संचालनालयाने या प्रकरणात १,६४६ कोटी रुपयांचे क्रिप्टो चलन जप्त केले. ज्याचे वावर पाहायचे ते कुळ इथे नव्हतेच. होता फक्त बॉट, आणि तो कोणी पाहिला नव्हता.

महाराष्ट्रातली जोडकथा ‘गेनबिटकॉइन’ची. तिथे शब्द उधारीचा नव्हता, खाणकामाचा होता: बिटकॉइन द्या, आम्ही संगणकांवर नवे काढू आणि १८ महिने दरमहा १० टक्के देऊ. अमित भारद्वाज आणि साथीदारांवर पुण्यासह अनेक ठिकाणी गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. संचालनालयाच्या मते २०१७ च्या भावाने गोळा झालेली रक्कम ६,६०० कोटी रुपयांच्या घरात होती. बिटकॉइन परत देणे जमेना तेव्हा ‘एमकॅप’ नावाचे घरचेच नाणे हातावर ठेवण्यात आले. भारद्वाजचा जानेवारी २०२२ मध्ये मृत्यू झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला.

या प्रकरणाचा एक उपकथाभाग मार्च २०२२ मध्ये उघड झाला. पोलिसांना तांत्रिक मदत करायला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक झाली. आरोपींच्या खात्यांतली नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, जळगावला पोहोचल्यावर तिची गरज पडेल.

२०२२ चा उन्हाळा

बिटकनेक्ट ही सरळ फसवणूक, ती शहाण्याला ओळखता यावी, असे मानणाऱ्यांसाठी २०२२ चे वर्ष मोठे बोलके आहे. त्या वर्षी बुडालेल्या कंपन्यांची कार्यालये होती, गुंतवणूकदार होते, वकिलांनी लिहिलेले करार होते.

सुरुवात ‘अँकर’पासून झाली. टेरा या जाळ्यावर यूएसटी नावाचे डॉलरशी बांधलेले नाणे होते. ते अँकरमध्ये ठेवले की वर्षाला साधारण साडेएकोणीस टक्के मिळत. अडचण अशी की ठेवी फार आणि कर्जदार थोडे. व्याजाचा राखीव निधी आटत गेला, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये टेराशी संबंधित प्रतिष्ठानने त्यात ४५ कोटी डॉलर ओतले. म्हणजे व्याज कर्जदार देत नव्हता, दुकान चालवणाराच गिऱ्हाईक टिकावे म्हणून पदरचे देत होता. हे उघड्या बाजारात, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालू होते. मे महिन्यात यूएसटीची डॉलरशी असलेली गाठ सुटली आणि काही दिवसांत सुमारे ४,००० कोटी डॉलरचे मूल्य गेले. संस्थापक डो क्वॉन याने ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला.

त्या धक्क्याने पुढची भिंत पडली. थ्री ॲरोज कॅपिटल या मोठ्या कर्जदार फंडाचे जूनमध्ये दिवाळे वाजले. सेल्सियस या अमेरिकी कंपनीने १२ जूनला पैसे काढणे थांबवले आणि १३ जुलैला दिवाळखोरीचा अर्ज केला. तिचे प्रमुख ॲलेक्स मॅशिन्स्की दर आठवड्याला व्हिडिओवर येऊन सांगत की बँका तुमच्या पैशावर जगतात, आमच्याकडे या. काही नाण्यांवर दर १७-१८ टक्क्यांपर्यंत होता. प्रत्यक्षात कंपनीने विनातारण कर्जे वाटली होती आणि ठेवीदारांच्या पैशातून स्वतःच्याच नाण्याचा भाव चढता ठेवला होता. ताळेबंदात ११९ कोटी डॉलरचे भगदाड निघाले. मे २०२५ मध्ये मॅशिन्स्कीला १२ वर्षांची शिक्षा झाली.

भारतीय ठेवीदारांना जवळून बसलेली झळ ‘वॉल्ड’ची. कंपनी नोंदलेली सिंगापुरात, माणसे बरीचशी बंगळुरूत. डॉलरशी बांधलेल्या नाण्यांवर तिने १२.६८ टक्क्यांपर्यंत दर जाहीर केला होता. १२ जूननंतर तीन आठवड्यांत लोकांनी सुमारे २० कोटी डॉलर काढून नेले आणि ४ जुलैला खिडकी बंद झाली. ऑगस्टमध्ये सक्तवसुली संचालनालयाने दुसऱ्या एका तपासात तिची ३७० कोटींची मालमत्ता गोठवली.

या सगळ्यांचे मूळ दुखणे एकच आणि ते शेतकऱ्याला लगेच कळेल. केळीची लागवड केली की घड हाती यायला वर्षभर जाते. तेवढ्या मुदतीवर ज्याला कर्ज दिले त्याच्याकडून पैसे उद्या मागता येत नाहीत. पण ठेवीदाराला मात्र ‘कधीही काढा’ असे सांगून बसलात, तर एका अफवेने खेळ संपतो. बँकांनाही हा आजार आहे. त्यावर इलाज म्हणून रिझर्व्ह बँक, राखीव रोकड आणि ठेव विमा आले. ॲपकडे यातले काहीच नव्हते.

जळगावने हे आधी पाहिले होते

हे वाचताना जळगावकराला वेगळेच काही आठवत असेल. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था, बोलीत ‘बीएचआर’. मुख्यालय जळगावात, शाखा अनेक राज्यांत, बँकेपेक्षा चढे व्याज. निवृत्त शिक्षकांची ग्रॅच्युइटी, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे, केळीचे आलेले दाम, सगळे तिथे. संस्था कोलमडली, २०१५ मध्ये संस्थापकासह संचालकांना अटक झाली, त्या वर्षाच्या शेवटी प्रशासक नेमला गेला.

खरी शिकवण पुढची. ठेवीदार पावत्या घेऊन हेलपाटे मारत राहिले. दरम्यान संस्थेच्या कर्जदारांनी गरजू ठेवीदारांच्या पावत्या कमी पैशांत पदरात पाडून घेतल्या, त्या पूर्ण किमतीने स्वतःच्या कर्जात वळत्या केल्या आणि संस्थेच्या मालमत्ता कवडीमोलाने विकल्या गेल्या, असे आरोप झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले. जून २०२१ मध्ये खुद्द प्रशासकाला अटक झाली. गेनबिटकॉइनमधले ते तज्ज्ञ आठवले? आरोप खरे ठरोत वा न ठरोत, कुंपणावर शेत खाल्ल्याचा ठपका दोन्हीकडे आला.

पावत्यांच्या बाजारालाही परदेशात जोड सापडते. एफटीएक्स हा बाजार नोव्हेंबर २०२२ मध्ये बुडाल्यावर अडकलेल्या ग्राहकांचे दावे डॉलरला दहा-पंधरा सेंट भावाने विकले जात होते. घेणारे मोठे फंड. नंतर दावे पूर्ण, वर व्याजासह फेडले गेले, आणि ज्यांनी गरजेपोटी विकले ते हात चोळत बसले. बुडीत संस्थेतही कोणीतरी कमावतो. तो सहसा घाईत नसलेला माणूस असतो.

एक फरक मात्र सांगायला हवा. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे कवच आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला ते नाही, आणि बीएचआरच्या कितीतरी ठेवीदारांना हे संस्था बुडाल्यावर कळले. क्रिप्टोच्या ठेवीलाही ते नाही. पण पतसंस्थेला निदान जळगावात दार होते, ज्यासमोर मोर्चा नेता आला.

नाणी कोणाची?

उधार दिलेले नाणे कोणाच्या मालकीचे, हा या धंद्यातला सर्वांत कमी वाचला जाणारा मुद्दा. सेल्सियसच्या खटल्यात न्यायाधीश मार्टिन ग्लेन यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला: व्याजाच्या ‘अर्न’ खात्यांत ठेवलेली नाणी ग्राहकांची नसून कंपनीची आहेत, कारण ग्राहकांनी मान्य केलेल्या अटींत तसे लिहिले आहे. खाती सुमारे ६ लाख, रक्कम ४२० कोटी डॉलर. ज्यांनी नाणी व्याजाविना नुसती सांभाळायला ठेवली होती त्यांचा हक्क वेगळा धरला गेला. म्हणजे लॉकर आणि ठेव यांतला फरक एका बटणावर येऊन ठेपला होता, आणि लोकांनी व्याजासाठी ते बटण दाबले.

परतफेडही दाव्याच्या दिवशीच्या भावाने ठरते. सेल्सियसमध्ये बिटकॉइनचा भाव जुलै २०२२ चा, सुमारे २० हजार डॉलर धरला गेला. वाटप २०२४ च्या सुरुवातीला होऊ लागले तेव्हा तो दुपटीहून वर होता. सोने बुडाले आणि परत मिळाले ते जुन्या भावाचे पैसे, असा हा प्रकार. उलट उदाहरणही आहे. ‘जेमिनाय अर्न’चे ग्राहक दीड वर्ष अडकले, पण मे २०२४ मध्ये त्यांना पैसे नव्हे तर त्यांची नाणीच परत मिळू लागली.

आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’ या बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ज्यांची नाणी चोरीत नव्हती त्यांचीही खाती गोठली. अशाच एका ग्राहकाच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हटले की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते. ठेवीदारासाठी ही मोलाची गोष्ट. पण ती सांभाळायला दिलेल्या नाण्याची आहे. उधार दिलेल्याचे काय, ते शेवटी करारच ठरवतो.

माणसाविना सावकारी

या धंद्याचे अभ्यासक म्हणतील की खरी क्रिप्टो उधारी ही कंपन्यांची नव्हेच. आवे, कंपाउंड यांसारख्या व्यवस्थांत मध्ये कंपनी नाही, संगणकाची आज्ञावली आहे. इथे विनातारण कोणाला काही मिळत नाही. शंभराचे तारण ठेवा, सत्तर-ऐंशी उचला. आपल्याकडे सोन्यावर रिझर्व्ह बँकेने बरीच वर्षे किमतीच्या ७५ टक्के ही मर्यादा ठेवली, तसेच हे. तारणाचा भाव एका पातळीखाली आला की आज्ञावली ते विकते. नोटीस नाही, पंचनामा नाही, ‘पुढच्या हंगामात देतो’ नाही. कोणी किती उचलले हे कोणालाही पाहता येते. २०२२ च्या पडझडीत या व्यवस्था चालू राहिल्या, हे त्यांच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे. आबांच्या प्रश्नाला इथे निम्मे उत्तर मिळते: कर्जदाराचे नाव ठाऊक नाही, पण त्याचे तारण दिसते.

उरलेल्या निम्म्यात धोके आहेत. मार्च २०२३ मध्ये ‘ऑयलर’ या व्यवस्थेच्या आज्ञावलीतली चूक शोधून कोणीतरी जवळपास २० कोटी डॉलर नेले. नंतर बरेचसे परत केले, पण ती चोराची मर्जी. त्याच महिन्यात सिलिकॉन व्हॅली बँक बुडाल्यावर यूएसडीसी हे डॉलरशी बांधलेले भरवशाचे नाणे काही काळ ८८ सेंटांपर्यंत खाली आले, कारण त्याच्या राखीव निधीतले ३३० कोटी डॉलर त्या बँकेत होते. आणि आपल्या खात्याची किल्ली असलेल्या सांकेतिक शब्दांची चिठ्ठी हरवली, तर तहसीलदारापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोणीही ते खाते उघडून देऊ शकत नाही.

कायदा आणि कर

रिझर्व्ह बँकेने पहिला सावधगिरीचा इशारा डिसेंबर २०१३ मध्ये दिला. एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. मार्च २०२३ पासून क्रिप्टो बाजारांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे. ‘आम्ही सरकारकडे नोंदणीकृत’ या वाक्याचा अर्थ ‘तुमची ठेव सुरक्षित’ असा होत नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, देशात अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा २०१९ चा आहे. दोन्हींचा उपयोग मुख्यतः घर जळाल्यावर, जळालेल्याची मोजदाद करायला होतो.

कराचे गणित तर व्याजाची हौस जिरवणारे आहे. २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के, व्यवहारावर १ टक्का कपात. तोटा कशातूनही वजा करता येत नाही, एका नाण्याचा दुसऱ्याच्या नफ्यातूनसुद्धा नाही. व्याज म्हणून आलेले नाणे हेही उत्पन्नच. बारा टक्क्यांतून हे सगळे वजा करून उरते त्यासाठी पूर्ण मुद्दल पणाला लावलेले असते.

मग ठेवायचे का?

पुतण्याला मी जे सांगितले तेच इथे लिहितो. क्रिप्टो घेणे हा एक जुगार असेल वा गुंतवणूक, ज्याची त्याची मर्जी. पण ते व्याजाने देणे हा त्यावरचा दुसरा, वेगळा धोका आहे, आणि त्याची किंमत बारा टक्के फारच कमी आहे. भाव वाढला तर व्याजाशिवायही वाढतो. भाव पडतो नेमका त्याच आठवड्यात कर्जदार बुडतात आणि खिडकी बंद होते. ही दोन संकटे जोडीने येतात, हे २०२२ ने दाखवून दिले.

एवढे कळूनही ठेवायचेच असेल तर चार गोष्टी लेखी पाहाव्यात. उधार कोण घेतो आणि त्याचे तारण काय? नाण्याची मालकी कराराप्रमाणे कोणाकडे जाते? व्याज त्याच नाण्यात मिळते की कंपनीच्या घरच्या नाण्यात? आणि कंपनी बुडाली तर खटला कोणत्या देशात चालेल? यातल्या एकाचेही उत्तर ‘ॲपवर दिसत नाही’ असे असेल, तर तेच उत्तर समजावे.

गावचा सावकार निर्दय होता, पण आंधळा नव्हता. कुळाचे वावर कुठल्या शिवारात, विहिरीला पाणी किती, घरात खाणारी तोंडे किती, हे सगळे त्याला ठाऊक असे. ॲपवर ठेव ठेवणारा माणूस स्वतःला ठेवीदार समजतो. खरे तर तो सावकार झालेला असतो, आणि कुळ न पाहिलेला सावकार असतो.

पुतण्याने ॲपवरच्या अटी तिथेच ओट्यावर उघडल्या. इंग्रजीत होत्या, लांबलचक. कर्जदाराचे वावर किती, हे त्यांत कुठेच लिहिलेले नव्हते. त्याने नाणी ठेवली नाहीत.